पोरांचो वाटो

सत्यवतीकाकीची नक्कल मला कधी जमली नाही. वाडीतल्या बाकी कोणाचंही नाव घ्या, मी उभ्या उभ्या करून दाखवते. रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके, भाई बोलण्याआधी घशातल्या घशात दोनदा इंजिन सुरू करतात. त्यांची बायको रुक्मिणीकाकी वाक्य नाकातून सुरू करते आणि हात नाचवून संपवते. बाजारातला हवालदार दर वाक्याला "काय आहे बाई" असा टेकू लावतो. काकीच्या बोलण्यात मात्र धरायला काही मिळत नाही. लागेल तेवढं बोलते आणि गप्प होते. मालवणच्या बाजारात मासे विकणारी बाई, आणि घासाघीस करतानासुद्धा आवाज चढत नाही! शेवटी गिऱ्हाईकच कंटाळून तिच्या भावाला येतं.

तिच्या घरात आम्ही सात पोरं होतो. त्यातलं एकही तिचं नव्हतं.

सुरुवात झाली अठ्ठ्याण्णव साली. आतल्या गावातली एक बाई फुटलेला ओठ घेऊन काकीच्या टोपलीपुढे उभी राहिली. मासे घेतले नाहीत, उलट कडेवरचा मुलगाच खाली ठेवला. "सांजेपर्यंत बघ गो," म्हणाली. काकीने तो तीन वर्षं बघितला. मग ही गोष्ट बायकाबायकांत फिरली. ज्या घरात बाप मारतो त्या घरातलं पोर काकीकडे यायला लागलं. कोणी आठ दिवस राहायचं, कोणी चार वर्षं. मी आले तेव्हा नऊ वर्षांची होते. मला न्यायला कधीच कोणी आलं नाही, ही माझी चैन. बाकीच्यांना न्यायला कोणी आलं तर काकी दारात उभी राहून एकच वाक्य बोलायची, "हंय इल्ला पोर मारणाऱ्या हातात मागे जावचा नाय."

सात तोंडं तिच्या टोपलीवर भरत नव्हती. भरायची ती रापणीमुळे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून ते अर्धगोल टाकत जातात, आणि त्याच्या दोन टोकांचे दोर वाळूवरची माणसं ओढतात. मासळी वर आली की ज्याने ज्याने दोर ओढला त्याला वाटो मिळतो. काकीकडचा तो पहिला मुलगा एकदा खेळता खेळता दोराला लोंबकळला. कोणीतरी त्याला हाकलायला लागला, तर भाईंनी अडवलं.

"दोराक हात लागलो मा तेचो? मगे वाटो तेका."

त्या दिवसापासून वाळूवर ढीग लागले की शेवटचा एक छोटा ढीग बाजूला निघायचा. पोरांचो वाटो. आम्ही शाळेआधी किनाऱ्यावर जाऊन दोराला हात लावून यायचो, आपला नावापुरता. बांगडा आला तर बांगडा, तारली आली तर तारली. असं नऊ वर्षं चाललं. काकी भाईंना "रे भाई" म्हणायची, भाई तिला "गो सत्या" म्हणायचे. तिला सत्या म्हणणारा वाडीत दुसरा माणूस नव्हता.

दोन हजार सहाच्या पावसाळ्यात उर्वशी आणि मितेश आले. उर्वशी सहा वर्षांची, मितेश चारचा. त्यांचा बाप सुदेश रेडी गावचा, खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर. आई प्राजक्ता डोक्याला सात टाके घेऊन आली होती. तिला गोव्यात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम मिळालं होतं, पण तिथे पोरांना ठेवून घेत नव्हते. आल्या आल्या उर्वशीने काकीला पहिला प्रश्न केला,

"ह्या दाराक आतसून कडी आसा?"

काकीने उठून कडी लावून दाखवली. मग काढून दाखवली. मग उर्वशीने स्वतः लावून बघितली.

"कोण इलो तरी तू आमका धाडशीत?"

"नाय धाडूचंय."

दिवाळीत सुदेश आला. हातात बिस्किटाचा पुडा, अंगावर इस्त्रीचा शर्ट. मला वाटलं होतं राक्षस येईल, आला तो अगदी लग्नाला निघालेला माणूस. अंगणातून गोड आवाजात म्हणाला, "उर्वशी, ये गो बाय, पप्पा इलो." उर्वशी आत जाऊन तांदळाच्या पिंपामागे बसली. सुदेशचा आवाज तीन मिनिटांत चढला. त्याने हवालदाराला बोलावून आणलं. नशिबाने प्राजक्ता सुट्टीवर आलेली होती. तिने केस बाजूला करून टाके दाखवले आणि सुदेश निमूट निघून गेला. बिस्किटं मात्र परत नेली.

हवालदार जाता जाता थांबला.

"काय आहे बाई, आज आई होती म्हणून निभावलं. काय आहे, पुढच्या खेपेला हा आला नि आई नसली, तर मी कुठल्या कागदावर अडवू त्याला? तुमचं पोरांशी नातं काय?"

"मी मासे विकतंय," काकी म्हणाली.

"मग काय आहे, मान्यता घ्या. घरातल्या मारहाणीचा नवा कायदा आलाय. सरकार अशा घरांना अनुदान देतं म्हणतात. काय आहे, एकदा सरकारी शिक्का बसला की ह्याच्या बापाची छाती नाही आत शिरायची."

काकीला अनुदानाचे पैसे नको होते असं नाही. पण ज्यासाठी तिने टोपली घरी ठेवून जिल्ह्याच्या कचेरीच्या खेपा सुरू केल्या, तो होता शिक्का. उर्वशीला दिलेल्या शब्दाला तिच्याकडे दाराची कडी होती, कागद नव्हता. तिला सहीपुरतं लिहिता यायचं, म्हणून मला बरोबर न्यायची.

कचेरीत एक मॅडम होत्या. मी त्यांचं नाव अनुषंगबाई ठेवलं. पहिल्याच दिवशी चष्मा नाकावर सरकवून त्यांनी विचारलं, "त्या अनुषंगाने, आपल्या गृहाला लोकसहभाग आहे का?"

काकीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "गाव काय देता काय, असा विचारतत."

"देता तर! रापणीचो वाटो देता," काकी म्हणाली. कचेरीत मी तिला पहिल्यांदाच एवढी खूश बघितली.

मॅडमही खूश झाल्या. बाई वाईट नव्हत्या, फक्त छापील होत्या. म्हणाल्या, "वा! तसं पत्र आणा. सरकार कधी एकट्याने देत नाही. गाव देतंय असं दिसलं, की त्या अनुषंगाने सरकार देतं."

भाईंनी पत्रावर सही केली, रापणकरांच्या संघाचा शिक्का मारला. "जा गो सत्या, घे सरकारची मान्यता," असंही म्हणाले. फाईल पुढे गेली. परत येताना एसटीत मी काकीला सगळी कचेरी करून दाखवली. पंख्याखाली कागद धरून बसलेला शिपाई, चहावाला, मॅडम. काकी पदर तोंडाला लावून हसत होती. मागच्या बाकावरचे दोन म्हातारे ऐकता ऐकता कट्टा गाव येईपर्यंत उतरायचं विसरले होते.

आता माझं करणं सांगते.

फेब्रुवारीत एकदा नळावर रुक्मिणीकाकी सगळ्यांसमोर नाकातून म्हणाली, "सत्यवती आता सरकारी बाय होतली म्हणे! कचेरीचे खेपे मारून चपल झिजली, पण कागद काय येना!" बायका हसल्या. काकी घागर उचलून निघाली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना एसटी स्टँडवरच्या रुपयाच्या फोनवरून मी भाईंच्या घरी फोन लावला. रुक्मिणीकाकीला खोटा निरोप देऊन चांगली पळवायची, असा बेत होता. पण फोन भाईंनी घेतला.

मी चष्मा सरकवला. नसलेला.

"नमस्कार, जिल्हा कचेरीतून बोलते. सत्यवतीबाईंच्या गृहाचं अनुदान मंजूर झालेलं आहे. त्या अनुषंगाने, कृपया त्यांना कळवावं."

पलीकडे इंजिन दोनदा घरघरलं. मग भाई म्हणाले, "व्हय मॅडम. बरा झाला मॅडम. सांगतंय मॅडम."

तीनदा मॅडम! मी फोन ठेवून तिथेच खांबाला धरून हसले. संध्याकाळी सगळ्यांसमोर खरं सांगायचं आणि भाईंचं "व्हय मॅडम" करून दाखवायचं, असं ठरवून नाचत घरी आले.

घरात देवापुढे नारळ फोडलेला होता. काकीने मितेशला मांडीवर घेतलं होतं, उर्वशी तिला टेकून खोबरं खात होती. काकी तिला सांगत होती, "आता कोण नेवचो नाय हां तुमका. आता सरकारान सांगल्यान."

मग काय सांगणार मी? उद्या सांगू म्हटलं. उद्या झाला, परवा झाला.

तिसऱ्या दिवशी वाळूवर ढीग लागले आणि शेवटचा ढीग नव्हता.

"रे भाई, पोरांचो वाटो विसारलंस," काकी म्हणाली.

"विसारलंय नाय गो." भाई जाळ्याकडे बघत होते. "तुका आता सरकार देता. काल संघाची सभा झाली, थंय ठरला. भायर मोठे बोटी सगळो मासो उपसतत, आमच्या जाळ्यात येता काय? आमचीय पोरां आसत."

काकी रिकामी टोपली घेऊन घरी आली. मी म्हटलं, भांड त्यांच्याशी. तर माझ्यावरच उलटली, "तेंचा खोटा नाय. नऊ वर्सां दिल्यानी." आणि मी तेव्हाही तोंड उघडलं नाही. माझं हे तोंड, जे जेवतानासुद्धा बंद नसायचं.

दोन महिने आम्ही अनुदानाची वाट बघत पेज आणि सुकटीवर काढले. एप्रिलमध्ये मॅडम स्वतः घर बघायला आल्या. खोल्या बघितल्या, कडी बघितली, मितेशच्या गालाला हात लावला. मग पडवीत खुर्चीवर बसून फाईल उघडली आणि भाईंना बोलावून घेतलं.

"संघ दररोज वाटा देतो ना? तेवढं एकदा आपल्या तोंडून कळलं, की त्या अनुषंगाने मी आजच शिफारस करते."

"देय होतो," भाई म्हणाले. "आता कित्याक? तुमचा मंजूर झाला मा."

"मंजूर? अहो, मंजूर कुठे झालंय?"

"तुमचोच फोन इल्लो."

"मी फोन केलेला नाही."

पडवीत वाडीतली पंधरा माणसं जमली होती. सगळी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. मी बोलले, "फोन मी केलंलंय."

भाई एकदम हसले. "ह्या चेडवाचा काय ऐकतास मॅडम! तू केलंलंस? करून दाखव बघूया."

आणि मी करून दाखवला. मॅडमच्या समोर, मॅडमचा आवाज. चष्म्यासकट. आयुष्यात इतकी हुबेहूब नक्कल मी कधी केली नव्हती आणि कोणीसुद्धा हसलं नाही. मॅडमनी चष्म्याकडे नेलेला हात अर्ध्यातून खाली घेतला.

मग त्या म्हणाल्या, "ठीक आहे. पोरवयात होतं. भाई, मग आता वाटा पुन्हा चालू करणार ना? मी फाईल थांबवत नाही."

इंजिन दोनदा घरघरलं. "संघाचो ठराव झालो मॅडम. वाटे वाटून गेले. आता कोणाच्या ताटातलो काढूचो?"

"मग माझा इलाज नाही. लोकसहभाग नसेल तर मला वर पाठवता येत नाही." त्यांनी फाईलवर काहीतरी लिहिलं. लिहिताना त्यांचं अक्षर मोठं मोठं येत होतं.

सरकार म्हणणार गाव देतं म्हणून आम्ही देतो. गाव म्हणणार सरकार देतं म्हणून आम्ही का द्यावं. मधल्या पडवीत काकी उभी होती. सगळे गेल्यावर मी तिच्या मारण्याची वाट बघत होते. काकीने आयुष्यात कोणाला मारलं नाही, पण त्या दिवशी मला मार हवा होता. ती म्हणाली, "पोरांका पेज वाढ."

मे महिन्यात सुदेश आला. हवालदार बरोबर होता, पण ह्या वेळेला त्याला "काय आहे" सुचलं नाही. प्राजक्ताला गोव्यातून सुट्टी मिळाली नव्हती. काकी दारात उभी राहिली. तिने तिचं वाक्य सुरू केलं, "हंय इल्ला पोर..." पण पुढे गेली नाही. हवालदार म्हणाला, "बाई, कागद दाखवा. मी आत्ता परत जातो." काकीकडे कागद नव्हता.

कडी उर्वशीने आतून लावून घेतली होती. ती काकीनेच उघडायला सांगितली. सुदेशने मितेशला खांद्यावर घेतलं. उर्वशी चालत गेली, आपली आपण. रडली असती तर बरं झालं असतं.

आठेक दिवसांनी रुक्मिणीकाकीकडे मुंबईचे पाहुणे आले. पाहुण्यांना करमणूक म्हणून तिने मला हाक मारली.

"ये गो संजना, ती मॅडम करून दाखव ह्यांका! आमचे हे त्या दिवशी फोन ठेवल्यान नि हसान हसान मेले..."

ती मध्येच थांबली. हात नाचवायचा राहिला.

"फोन ठेवल्यावर?" मी म्हटलं. "त्यांका तेवाच कळला होता?"

"तुझो आवाज कळूचो नाय? इतकी वर्सां ऐकतत." तिने पाहुण्यांकडे पाठ केली आणि पहिल्यांदाच नाकातून न बोलता सरळ बोलली. "पयले हसले. 'सत्याचा चेडू, आणि कोण,' म्हणाले. मगे गप बसले. मगे म्हणाले, 'असांदे. बरा झाला.' आणि सभा बोलवल्यानी. माका कित्याक विचारतंस तू? माका काय कळता?"

मी धावत घरी आले. खरं सांगायचं तर धावताना आनंद होत होता. इतके दिवस जे सगळं माझ्या डोक्यावर होतं, त्याचं अर्धं ओझं भाईंच्या डोक्यावर टाकता येणार होतं. काकी परसात बांगडे साफ करत होती. मी सगळं सांगितलं, भाईंच्या आवाजात, "असांदे, बरा झाला" सकट.

काकीचा हात थांबला. कोयत्यावर बांगडा तसाच राहिला.

"करून दाखवा नको," ती म्हणाली. "नुसता सांग."

मी पुन्हा सांगितलं, नुसतं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "पयलो वाटो तेनाच काढल्यान होतो." आणि उरलेले बांगडे साफ करून टाकले.

मला वाटलं ती भाईंच्या घरी जाईल, निदान त्या किनाऱ्यावर पाय ठेवणार नाही. पण दुसरा मासा कुठून आणायचा? सकाळी ती नेहमीच्या वेळेला टोपली घेऊन गेली, मी मागून. भाई ढिगापाशी उभे होते. काकी समोर जाऊन उभी राहिली.

"तांडेलानू, काय भाव लावलास?"

भाईंनी मान वर केली. इंजिन एकदा घरघरलं आणि बंद पडलं. "सत्या, असा काय गो बोलतंस..."

"भाव सांगा तांडेलानू. बाजाराक उशीर होता."

त्यांनी भाव सांगितला, नेहमीपेक्षा खूपच कमी. काकीने दुसऱ्यांना विचारून बाजारचा भाव दिला आणि टोपली डोक्यावर घेतली. तेव्हापासून आजपर्यंत ती त्यांना तांडेलानूच म्हणते. वाडीतल्या बायकांना वाटतं, सत्यवती वयाबरोबर अदबशीर झाली.

पाऊस लागला, रापण बंद झाली. काकीला सुक्या मासळीचा धंदा कधी आवडला नव्हता. "उन्हाचो मासो" म्हणायची. त्या पावसाळ्यात तिने सुके बांगडे आणि गोलमो, म्हणजे सुका जवळा, टोपलीत भरला आणि गुरुवारी सकाळच्या एसटीने निघाली. वाटेतली गावं सोडून थेट रेडी. सुदेशच्या आळीत बसून विकायला लागली. सुकं विकणाऱ्या बाईला आळीतून कोण हाकलणार? सुदेश ट्रकवर असायचा, घरात त्याची आई. म्हातारीने पहिल्या दोन खेपांना ओळखलं नाही. नंतर ओळखलं असावं, पण काही बोलली नाही. फक्त गोलमो घ्यायला स्वतः यायच्या ऐवजी उर्वशीला ताट देऊन पाठवायला लागली.

तिसऱ्या गुरुवारी काकी घरी आली ती भिजलेली. मी टॉवेल दिला आणि विचारलं, "दिसली?"

"दिसली. ताट घेवन इली."

"काय म्हणाली?"

काकीला नक्कल करता येत नाही. तिने ते वाक्य नुसतं सांगितलं. "म्हणाली, तू सांगललंस धाडूचंय नाय म्हणान."

"मग तू काय बोललंस?"

"काय बोलतलंय? गोलमो मापून दिलंय." ती केस पुसत राहिली. "ताट धरल्यान तेवा हात बघलंय. हाताक काय नाय होता. मितेश दारात होतो, तेकाय काय नाय. तिच्या पायार एक निशाण होता, घोट्याच्या वर. जुना असात."

"जुना असात?"

काकीने टॉवेल दोरीवर टाकला, सूप जवळ ओढलं आणि पुढच्या गुरुवारसाठी गोलम्यातली वाळू पाखडायला बसली.